रजोनिवृत्तीनंतरचा व्यायाम आणि स्तनाचा कर्करोग

'दिवसभर घरात राबणाऱ्या बाईला आणखी वेगळा व्यायाम कशाला हवा?' हा प्रश्न महाराष्ट्रातील अनेक घरांत सहजपणे विचारला जातो. एके काळी या प्रश्नात तथ्य होते. पहाटे जात्यावरचे दळण, विहिरीवरून पाण्याच्या खेपा, धुण्यासाठी नदीची वाट आणि पुढे दिवसभर शेतातील खुरपणी किंवा भातलावणी असा जिचा दिनक्रम होता, त्या स्त्रीला व्यायामाचा उपदेश करणे हास्यास्पदच ठरले असते. गेल्या दोन पिढ्यांत मात्र हे चित्र झपाट्याने पालटले. पिठाची गिरणी, नळाचे पाणी, स्वयंपाकाचा गॅस आणि कपडे धुण्याचे यंत्र यांनी स्त्रीचे कष्ट हलके केले. हा बदल स्वागतार्हच आहे. परंतु कष्टांबरोबर शरीराची हालचालही कमी झाली, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

हा बदल सर्वांत अधिक जाणवतो तो पन्नाशीच्या आसपास. मुले मोठी झालेली असतात, घरात सून आलेली असते, नोकरी करणारी स्त्री निवृत्तीकडे झुकलेली असते. गावाकडची आई मुलाच्या संसाराला हातभार लावण्यासाठी ठाण्याच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या सदनिकेत राहावयास येते, आणि जिने आयुष्यभर कोसभर अंतर पायी तुडविले तिचा दिवस दोन खोल्यांत सामावून जातो. याच सुमारास मासिक पाळीही थांबते. भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीचे वय सर्वसाधारणपणे ४६ ते ४७ वर्षे असल्याचे दिसून आले आहे. म्हणजेच हालचाल मंदावण्याचा काळ आणि शरीरातील संप्रेरकांची घडी बदलण्याचा काळ हे दोन्ही एकमेकांना लागूनच येतात. स्तनाच्या कर्करोगाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

रोगाचा वाढता पसारा

जगातील स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे स्तनाचा कर्करोग होय. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे २३ लाख स्त्रियांना हा रोग नव्याने झाल्याचे निदान झाले आणि सुमारे ६ लाख ७० हजार स्त्रिया त्याला बळी पडल्या. भारतात त्याच वर्षी नव्या रुग्णांची संख्या सुमारे १ लाख ९२ हजार आणि मृत्यूंची संख्या सुमारे ९८ हजार होती, असा अंदाज आहे.

महाराष्ट्राला या रोगाचा इतिहास बऱ्यापैकी अचूक ठाऊक आहे, कारण कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी देशात सर्वप्रथम १९६३ मध्ये मुंबईतच सुरू झाली. त्या नोंदणीच्या आरंभीच्या काळात मुंबईच्या स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग आघाडीवर होता. १९९० नंतरच्या दशकात ते स्थान स्तनाच्या कर्करोगाने घेतले. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणीही महाराष्ट्रातच, १९८७ मध्ये बार्शी येथे सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांची ही नोंदणी मुंबईच्या नोंदणीशेजारी ठेवून पाहिली असता, स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण खेड्यापेक्षा शहरात बरेच अधिक असल्याचे दिसते. या फरकाचे श्रेय केवळ ग्रामीण स्त्रीच्या अंगमेहनतीला देता येणार नाही. विवाहाचे वय, मुलांची संख्या, अंगावर पाजण्याचा कालावधी, शरीराचे वजन, रोगनिदानाच्या सोयी अशा अनेक बाबतींत शहर आणि खेडे यांत अंतर आहे. तथापि, राहणीमान आणि हा रोग यांचा संबंध आहे, एवढे त्यावरून निश्चित कळते.

हा संबंध वैद्यकशास्त्राला जुन्या काळापासून जाणवत आला आहे. बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी ख्रिस्ती मठांतील जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो, अशी नोंद केली होती. १९२६ मध्ये जॅनेट लेन-क्लेपॉन या ब्रिटिश महिला डॉक्टरांनी सुमारे ५०० रुग्ण स्त्रिया आणि तेवढ्याच निरोगी स्त्रिया यांच्या आयुष्यक्रमाची तुलना करून अपत्यजन्म आणि स्तनपान यांचा या रोगाशी असलेला संबंध पद्धतशीरपणे मांडला. पुढे ३० देशांतील ४७ पाहण्यांचा एकत्रित अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक बाळंतपणामागे हा धोका सुमारे ७ टक्क्यांनी, आणि अंगावर पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे आणखी सुमारे ४ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात दिसून आले.

पाळी लवकर सुरू होणे, ती उशिरा थांबणे, पहिले मूल तिशीनंतर होणे, रक्ताच्या नात्यातील स्त्रीला हा रोग झालेला असणे, ही धोका वाढविणारी अन्य कारणे आहेत. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीला यांपैकी काहीही बदलता येत नाही. तिच्या हाती उरतात त्या थोड्याच गोष्टी: शरीराचे वजन, मद्यापासून दूर राहणे, रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक-औषधांचा वापर वैद्यकीय सल्ल्यानेच करणे, आणि नियमित व्यायाम. यांतील व्यायाम हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही.

पाळी थांबल्यावर शरीरात काय घडते?

वयात येण्यापासून रजोनिवृत्तीपर्यंत स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः बीजांडकोशांत तयार होते. स्तनातील पेशींची वाढ आणि विभाजन यांना ते चालना देते. पेशी जितक्या अधिक वेळा विभागतात, तितकी त्या विभाजनात चूक होण्याची आणि ती चूक पुढे कर्करोगात परिणत होण्याची शक्यता वाढते.

रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोशांचे हे काम थांबते. त्यामुळे शरीरातून इस्ट्रोजेन नाहीसे होते, असा समज आहे. तो खरा नाही. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोजेन या वर्गातील संप्रेरके निर्माण करीतच राहतात. शरीरातील चरबीच्या पेशींत ॲरोमॅटेज नावाचे एंझाइम असते. ते या अँड्रोजेनांचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. म्हणजे जे काम पूर्वी बीजांडकोश करीत होते, ते आता अंगावरची चरबी करू लागते. चरबी जितकी अधिक, तितके हे उत्पादन अधिक. म्हणूनच तरुणपणी ज्या लठ्ठपणाचा या रोगाशी असा सरळ संबंध दिसत नाही, तोच लठ्ठपणा रजोनिवृत्तीनंतर धोक्याचा ठरतो. रजोनिवृत्त स्त्रियांच्या रक्ताच्या ९ पाहण्यांचा एकत्रित अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात एस्ट्राडायोल हे प्रमुख इस्ट्रोजेन सर्वाधिक होते, त्या पाचव्या हिश्शातील स्त्रियांना सर्वांत कमी प्रमाण असलेल्या पाचव्या हिश्शाच्या तुलनेत स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे त्यात आढळले.

व्यायामाचा उपयोग येथेच कळतो. व्यायामाने चरबी घटते आणि इस्ट्रोजेनची निर्मिती कमी होते. व्यायाम करणाऱ्या स्नायूंना इन्शुलिन कमी पुरते, त्यामुळे रक्तातील त्याची पातळी उतरते. इन्शुलिन हेही पेशींच्या वाढीला उत्तेजन देणारे संप्रेरक आहे. त्याची पातळी उतरली की इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारे एक प्रथिन रक्तात वाढते, आणि मोकळे, कार्यक्षम इस्ट्रोजेन कमी उरते. पोटावरील चरबीमुळे शरीरात सतत धुमसणारा सौम्य दाहही व्यायामाने शमतो. अशा एकाहून अधिक मार्गांनी व्यायाम स्तनांच्या पेशींवरील वाढीचा ताण हलका करतो.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. अमेरिकेतील सिएटल येथे ४३९ वजनदार व बैठे जीवन जगणाऱ्या रजोनिवृत्त स्त्रियांवर वर्षभर एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आहारनियंत्रण आणि आठवड्यातून ५ दिवस ४५ मिनिटांचा व्यायाम या दोन्ही गोष्टी ज्या गटाने केल्या, त्या गटातील स्त्रियांचे वजन सरासरी सुमारे ११ टक्क्यांनी आणि रक्तातील एस्ट्राडायोल सुमारे २० टक्क्यांनी घटले. केवळ व्यायाम करणाऱ्या गटात ही घट बरीच कमी होती. व्यायाम आणि आहार यांची जोडी तोडू नये, हा या प्रयोगाचा व्यावहारिक अर्थ होय.

संशोधनाची वाटचाल

व्यायाम आणि स्तनाचा कर्करोग यांचा संबंध प्रथम ठळकपणे पुढे आला तो १९८५ मध्ये. रोझ फ्रिश या अमेरिकन संशोधिकेने महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या ५,३९८ स्त्रियांची पाहणी केली. विद्यार्थिदशेत खेळाडू असलेल्या स्त्रियांत हा रोग त्यांच्या न खेळणाऱ्या समवयस्कांपेक्षा कमी आढळला. नॉर्वेमध्ये २५,६२४ स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्रियांना हा धोका बैठ्या स्त्रियांपेक्षा सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होता.

रजोनिवृत्त स्त्रियांपुरता विचार करणारी मोठी पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील ५० ते ७९ वर्षे वयाच्या ७४,१७१ स्त्रियांची तीत सरासरी ४.७ वर्षे नोंद ठेवण्यात आली. त्या अवधीत १,७८० जणींना स्तनाचा कर्करोग झाला. आठवड्यातून सव्वा ते अडीच तास भरभर चालण्याइतका व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचा धोका व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. आठवड्याला अडीच तास म्हणजे दिवसाला जेमतेम वीस मिनिटे! यानंतर २०१३ मध्ये ७३,६१५ रजोनिवृत्त अमेरिकन स्त्रियांच्या १७ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांचा व्यायाम केवळ चालण्याचाच होता, त्यांपैकी आठवड्याला ७ तास वा अधिक चालणाऱ्यांचा धोका ३ तास वा त्याहून कमी चालणाऱ्यांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी होता. सर्वाधिक हालचाल असलेल्या गटात ही घट २५ टक्क्यांपर्यंत पोहोचली.

या टक्केवारीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. २००३ च्या पाहणीत पावणेपाच वर्षांत दर हजार स्त्रियांमागे सुमारे २४ जणींना हा रोग झाला. त्यात १८ टक्के घट म्हणजे हजारामागे चार-पाच स्त्रिया वाचणे. एकट्या स्त्रीच्या दृष्टीने हा आकडा लहान वाटेल. परंतु तालुक्याचा, जिल्ह्याचा, राज्याचा विचार केला, तर या चार-पाचांची बेरीज किती घरांचे दुःख टाळू शकेल, याची कल्पना येईल.

या पाहण्यांना एक मर्यादा आहे, तीही सांगणे आवश्यक आहे. त्यांत स्त्रियांना व्यायाम करावयास लावून कर्करोग होतो की नाही हे पाहिलेले नाही. ज्या आपणहून व्यायाम करीत होत्या आणि ज्या करीत नव्हत्या, त्यांची तुलना केलेली आहे. व्यायाम करणाऱ्या स्त्रिया अन्य बाबतींतही आरोग्याची काळजी घेणाऱ्या असू शकतात. संशोधक गणिती पद्धतीने असे फरक वजा करतात, तरी काही उरतातच. शिवाय बहुतेक पाहण्या पाश्चात्त्य देशांतील आहेत. असे असले, तरी वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांचा कौल एकाच दिशेने आहे आणि शरीरातील संप्रेरकांवर होणारा परिणाम प्रत्यक्ष प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. म्हणूनच जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१८ मधील आपल्या अहवालात, शारीरिक हालचालीमुळे रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनाच्या कर्करोगापासून बहुधा संरक्षण मिळते, असा निर्वाळा दिला.

जुनी पुण्याई पुरत नाही

या सर्व संशोधनात एक निष्कर्ष महाराष्ट्रातील स्त्रियांच्या दृष्टीने विशेष मोलाचा आहे. फ्रान्समध्ये ५९,३०८ रजोनिवृत्त स्त्रियांची सरासरी साडेआठ वर्षे नोंद ठेवून केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मागील चार वर्षांत आठवड्याला निदान ४ तास चालण्याइतकी हालचाल करणाऱ्या स्त्रियांचा धोका इतरांपेक्षा १० टक्क्यांनी कमी होता. पण ज्या स्त्रिया पाच ते नऊ वर्षांपूर्वी तेवढी हालचाल करीत होत्या आणि नंतर ज्यांनी ती सोडून दिली, त्यांना काहीही लाभ शिल्लक राहिला नव्हता. त्यांचा धोका कधीच फारसा व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांइतकाच भरला.

अमेरिकेतील २००३ च्या पाहणीत वयाच्या पस्तिशीत जोरकस व्यायाम करणाऱ्या स्त्रियांना पुढेही काही लाभ झाल्याचे दिसले होते. त्यामुळे तरुणपणीचा व्यायाम वाया जातो, असे म्हणता येणार नाही. परंतु त्याच्या भरवशावर स्वस्थ बसता येणार नाही, हे निश्चित. 'आयुष्यभर शेतात राबले, आता काय करायचे?' असे म्हणून बसून राहणाऱ्या स्त्रीने हे लक्षात ठेवले पाहिजे. व्यायामाचा लाभ ही बँकेतील मुदतठेव नाही; ती रोजची मजुरी आहे. ज्या दिवसांत काम केले, त्या दिवसांचीच ती मिळते.

यातच मोठा दिलासाही आहे. अलीकडच्या चार वर्षांतील हालचालीचा परिणाम जर दिसून येतो, तर साठाव्या वर्षी प्रारंभ करणाऱ्या स्त्रीलाही उशीर झालेला नाही.

व्यायाम किती व कोणता?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये केलेल्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा. त्याखेरीज आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना बळकटी आणणारे व्यायाम करावेत. पासष्टीपुढील व्यक्तींनी तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत, म्हणजे पडून हाड मोडण्याचा धोका टळतो.

मध्यम स्वरूपाचा व्यायाम ओळखण्याची खूण सोपी आहे. चालताना शेजारणीशी बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत श्वास वाढला की तो मध्यम व्यायाम समजावा. दोन वाक्ये सलग बोलणेही कठीण झाले, की तो जोरकस झाला. देवळात जाताना रमतगमत टाकलेली पावले किंवा भाजीची पिशवी घेऊन दर दुकानाशी थांबत केलेली फेरी यांत हा गुण सहसा नसतो. अर्ध्या तासात अडीच किलोमीटर अंतर कापले जाईल अशी चाल असावी. आठवड्यातून पाच दिवस असा अर्धा तास काढला, की १५० मिनिटे भरतात. सलग अर्धा तास मिळत नसेल, तर सकाळ-संध्याकाळ पंधरा-पंधरा मिनिटे चालले तरी चालते.

घरकाम आणि शेतकाम व्यायामात धरावे काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. शरीराला कामाचे नाव कळत नाही. हृदयाचे ठोके किती वाढले आणि स्नायूंनी किती श्रम केले, एवढेच कळते. खुरपणी, कापणी, डोक्यावरून ओझे वाहणे, चढणीची वाट चालणे ही हालचालच आहे. जी स्त्री आजही दररोज शेतात जाते, तिला वेगळ्या फेरफटक्याची गरज बहुधा नाही. तिला गरज आहे ती पुरेशा अन्नाची, विश्रांतीची आणि वेळेवर होणाऱ्या तपासणीची. पण ओट्याजवळ उभे राहून पोळ्या लाटणे, बसून भाजी निवडणे, शिवणकाम करणे यांत स्त्री थकते खरी, तरी तिच्या श्वासाचा वेग वाढत नाही. थकवा म्हणजे व्यायाम नव्हे. हा फरक घरातील सर्वांनीच समजून घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्राच्या परंपरेतही उत्तम व्यायाम आहेत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला. सूर्यनमस्कारात सर्व प्रमुख स्नायूंना काम मिळते. मंगळागौरीतील फुगडी, झिम्मा आणि पिंगा हे खेळ तर जोरकस व्यायामाचे नमुनेच होत. ते श्रावणातल्या एका रात्रीपुरते न ठेवता महिला मंडळांनी वर्षभर खेळावेत. अर्थात, गुडघे दुखत असतील, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, चालताना छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच प्रारंभ करावा. ज्यांना उड्या आणि फुगड्या झेपत नाहीत, त्यांना खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकवून जोर काढणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे हे व्यायाम घरच्या घरी करता येतात.

प्रारंभ बेताने करावा. पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे, दुसऱ्या आठवड्यात पंधरा, याप्रमाणे महिना-दीड महिन्यात अर्ध्या तासापर्यंत जावे. नेसती साडी घोट्याच्या वर येईल अशी असावी किंवा सलवार-कमीज घालावा, आणि पायांत घसरणारी चप्पल न घालता मागून बंद असलेले पादत्राण घालावे. एकटीने चालण्यापेक्षा दोघी-तिघींनी मिळून चालल्यास नियम टिकतो.

वजनाकडे लक्ष

उंचीच्या प्रमाणात वजन मोजण्याच्या निर्देशांकात ५ अंकांची वाढ झाली, की रजोनिवृत्तीनंतरच्या स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. पाच फूट उंचीच्या स्त्रीच्या बाबतीत ही वाढ सुमारे साडेअकरा किलो भरते. भारतीय व्यक्ती वरवर सडपातळ दिसली, तरी तिच्या अंगात चरबीचे प्रमाण अधिक असते, याकडे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाचे लक्ष वेधले आहे. त्यामुळे केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. भारतीय स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असू नये, असा दंडक आहे. शिंप्याच्या फितीने दर तीन महिन्यांनी ही मोजणी घरीच करता येते. तळलेले व गोड पदार्थ कमी करणे, ताटातील भाजी आणि डाळ वाढविणे आणि उरलेले अन्न 'वाया जाऊ नये' म्हणून स्वतः संपविण्याची सवय सोडणे, एवढ्यानेही फरक पडतो.

व्यायाम म्हणजे अभेद्य कवच नव्हे

व्यायामाने धोका कमी होतो. तो नाहीसा होत नाही. नियमाने चालणाऱ्या स्त्रीलाही हा रोग होऊ शकतो. तसे झाले, तर तिच्या वागणुकीत दोष शोधणे हे अज्ञानाचे आणि निष्ठुरपणाचे लक्षण ठरेल. तसेच 'मी रोज चालते, मला काही होणार नाही' असे समजून गाठीकडे दुर्लक्ष करणे ही घातक चूक ठरेल. स्तनातील गाठ आरंभी बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच ती लपविली जाते. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

वेळेवर तपासणीने काय साधते, याचे उत्तर मुंबईतच मिळाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. त्यांपैकी एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित महिला आरोग्य कर्मचाऱ्यांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत, तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. महागडे यंत्र न वापरता साधलेले हे यश आहे. ज्या वयोगटाला व्यायामाचा लाभ मिळतो, त्याच वयोगटाला या तपासणीचाही लाभ मिळावा, हा शुभयोगच म्हटला पाहिजे.

मात्र या संधीचा उपयोग फारच थोड्या स्त्रिया करतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी स्तनांची तपासणी कधीतरी करून घेतलेल्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमाखाली तीस वर्षांवरील स्त्रियांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत विनामूल्य करण्याची योजना आहे. गावातील आशा कार्यकर्तीकडे किंवा आरोग्य सेविकेकडे तिची चौकशी करावी. उपचारांचा खर्च झेपण्यासारखा नसल्यास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून साहाय्य मिळू शकते. त्याची माहिती योजनेतील रुग्णालयांतील आरोग्यमित्र देतात.

रोगाचे निदान झाल्यावरही व्यायामाचे महत्त्व संपत नाही. अमेरिकेतील २,९८७ रुग्ण परिचारिकांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, निदानानंतर आठवड्याला ३ ते ५ तास चालण्याइतकी हालचाल ठेवणाऱ्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. शस्त्रक्रिया झाली म्हणून रुग्णाला कायमचे अंथरुणावर बसविण्याची रीत यापुढे सोडली पाहिजे. मात्र अशा वेळी व्यायाम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा.

कुटुंबाचे आणि गावाचे कर्तव्य

स्त्रीने व्यायाम करावा, असे सांगणे सोपे आहे. तिला त्यासाठी अर्धा तास मोकळा मिळवून देणे कठीण आहे. सकाळी सर्वांचे डबे आणि संध्याकाळी सर्वांचा चहा ज्या घरात तिच्यावाचून अडतो, त्या घरात तिच्या फेरफटक्याला 'हौस' म्हणून हिणवले जाते. नातवाला सांभाळणारी आजी हा घराचा आधार असतो. तो आधार टिकावा असे वाटत असेल, तर तिच्या अर्ध्या तासाची तजवीज मुलाने, सुनेने आणि पतीने केली पाहिजे. ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने दिव्यांची सोय असलेली, वाहनांपासून सुरक्षित अशी चालण्याची जागा उपलब्ध करून दिली पाहिजे. बचत गटांच्या आणि महिला मंडळांच्या बैठकींना सभासदांनी चालत यावे आणि बैठक संपल्यावर एक फेरी मिळून मारावी, एवढा साधा ठराव गावोगावी करता येण्यासारखा आहे.

जाते गेले, विहिरीच्या खेपा गेल्या; ते कष्ट परत यावेत, असे कोणीही म्हणणार नाही. त्या कष्टांनी शरीराला जी हालचाल आपोआप मिळत होती, ती मात्र आता ठरवून मिळवावी लागेल. पाळी थांबली म्हणजे स्त्रीच्या आरोग्याची काळजी संपली, ही समजूत चुकीची आहे. काळजीचा एक नवा अध्याय तेथूनच सुरू होतो, आणि त्याचा पहिला धडा घराच्या उंबरठ्याबाहेर टाकलेल्या पावलाने गिरवावयाचा आहे.